पक्का टाका

९ जानेवारी

ताई,

फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि आज मला बोलायचं आहे. अक्षर मोठं आलंय, त्याला हसू नकोस.

गेला महिनाभर मला वाटत होतं की दुकानातल्या खिडकीची चौकट वाकडी झाली आहे. मालकांना म्हटलंसुद्धा, सुतार बोलवा. ते म्हणाले, बाई, चौकट सरळ आहे, तुम्ही चष्मा बदला. चष्मेवाल्याने तपासलं आणि चष्मा न देताच मला डोळ्यांच्या हॉस्पिटलात धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, यंत्रावर हनुवटी टेकवून डोळ्याच्या आतले फोटो काढले. निघालं तेच, जे तुझं निघालं होतं. शुगरमुळे मागच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागल्यात आणि पडद्याच्या बरोबर मधोमध सूज आली आहे. उजव्या डोळ्याला जास्त, डाव्याला थोडी.

गोवर आधी तुला, मग मला. चष्मा आधी तुला, मग मला. शुगरही तशीच. लहानपणी तुझे जुने फ्रॉक वापरले ते ठीक होतं, आता म्हातारपणी तुझी जुनी दुखणीही मीच वापरायची का?

बाई म्हणतात, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, सुरुवातीला दर महिन्याला. दंडात नाही गं, डोळ्यात. तू गेल्या वर्षी घेतलंस तेव्हा मला नुसतं ‘बरं चाललंय’ असं लिहिलं होतंस. आता नीट सांग. रफूचं काम म्हणजे सगळा डोळ्यांचा खेळ. कोटाच्या बाहीवरचं भोक असं भरायचं की ज्याचा कोट त्यालाही सापडू नये. उजवा डोळा गेला तर माझी खिडकीजवळची खुर्ची गेलीच म्हणून समज. लेक म्हणते, सोड काम, घरी बस. मी घरी बसले तर दिवसभर तिच्या चुका काढत बसेन, हे तिच्या लक्षात येत नाही.

मला भीती वाटते आहे. तू म्हणशील तसं करीन.

बारकी

१७ जानेवारी

बारके,

रडूबाई ती रडूबाईच. शाळेत टोचायला यायचे तेव्हा तू माझ्या पाठीमागे लपायचीस, आठवतं का? मी आधी आत जायचे, बाहेर येऊन सांगायचे, काही नाही गं, मुंगी चावते. मग बाईसाहेब जायच्या. आताही तेच. मुंगी समज आणि जा.

थेंब घालून डोळा बधिर करतात. पापण्या मिटू नयेत म्हणून एक छोटा चिमटा लावतात. ‘वर बघा’ म्हणतात, आणि तू वर बघेपर्यंत झालेलं असतं. नंतर एकदोन दिवस डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात, ते आपोआप जातात. मी तर येताना बाजारात जाऊन भाजी घेऊन आले. तुझे भावजीच बाकावर घामाघूम होऊन बसले होते, जणू सुई त्यांनाच टोचणार होती.

तेव्हा उगाच राईचा पर्वत करू नकोस. मला आता उत्तम दिसतं. परवा शेजारणीने सुईत दोरा ओवायला माझ्याकडेच आणून दिला.

तुझी ताई

११ एप्रिल

ताई,

मुंगी चावत नाही, हे तुला सांगून ठेवते. पण तू म्हणालीस म्हणून मी मुंगी समजून बसले त्या खुर्चीत. चिमटा लागला तेव्हा उठून पळावंसं वाटलं. मनात म्हटलं, ताई इथे बसली होती आणि नंतर भाजी घेऊन घरी गेली. मग बसून राहिले.

गुण आला. चौकट सरळ झाली, सुतार वाचला. मालकांनी परवा काळ्या कोटाची बाही दिली, काळ्यावर काळा धागा, आणि मी ती खिडकीजवळ बसून भरली. गिऱ्हाईक बाही उलटसुलट करून बघत राहिलं, त्याला जागा सापडेना. मालक माझ्याकडे बघून हसले. ते हसतात म्हणजे तू समजून घे.

पण आता नवीन निघालंय. बाई म्हणतात, उजव्या डोळ्यात मध्याच्या जरा बाजूला एकदोन जागा अजून पाझरतात, तिथे लेझरने बंदोबस्त करू. आणि इंजेक्शनं चालूच ठेवायची. किती, तर म्हणे दर वेळी फोटो बघून ठरवू, डोळा सांगेल तसं. हे काही मला पटत नाही. आपण गिऱ्हाइकाला सांगतो ना, कोट अमक्या दिवशी मिळेल म्हणून? दर वेळी लेकीला रजा काढावी लागते, आणि इकडे कोटांचा ढीग साठतो.

तुझं लेझर झालं होतं का? आणि नंतर तुला किती इंजेक्शनं घ्यावी लागली? तेवढं लिही, म्हणजे मला हिशेब लागेल.

बारकी

१९ एप्रिल

बारके,

तुला कुणी एवढी शिवणकाम करणारी म्हणावं? आई काय सांगायची? भरून झालं की उलट्या बाजूने शेवटचा टाका पक्का करायचा, आणि टाका पक्का झाला की दोरा तोडायचा. त्यावर आणखी टाके घालत बसलं तर कापड आकसतं.

लेझर म्हणजे तो पक्का टाका. इंजेक्शन म्हणजे आतलं भरणं. भरून झालं, टाका पक्का झाला, आता पुन्हा सुई कशाला? माझं लेझर झालं. यंत्रापुढे बसवतात, हिरवा प्रकाश टिकटिक चमकतो, डोळा जरा दिपतो, बस. त्यानंतर मी त्या हॉस्पिटलची पायरी चढलेली नाही. आणि बघ, कशी टुणटुणीत आहे. डॉक्टर काय, या म्हणतच राहणार. आपण आपलं ओळखावं.

तुझे भावजी बरे आहेत. बागेतल्या नळाशी त्यांचं रोजचं भांडण चालू आहे.

तुझी ताई

२ जून

ताई,

तुझं पत्र मी लेकीला दाखवलं नाही. तिने आधीच डॉक्टरीणबाईंना फोन लावला असता.

लेझर झालं. तू लिहिलंस तस्संच, टिकटिक, हिरवं. बाईंनी पुढची तारीख दिली, मी मान हलवली, आणि त्या दिवशी मी दुकानात होते. हॉस्पिटलातून फोन आला, त्यांना म्हटलं, परगावी आहे. लेकीला सांगितलं, आता थेट सहा महिन्यांनी बोलावलंय. खोटं बोलताना जीभ जरा अडखळली. पण आईच्या त्या वाक्याची तू आठवण करून दिलीस आणि माझ्या डोक्यातला सगळा गुंता सुटला. टाका पक्का झाला की दोरा तोडायचा. इतकी साधी गोष्ट, आणि मला एवढे महिने सुचली नाही.

सुटले बाई. तू होतीस म्हणून.

बारकी

३० ऑगस्ट

बारके,

माझा हात मुरगळलाय, म्हणून हे तुझ्या भावजींकडून लिहून घेते आहे. काळजीचं कारण नाही.

तुझं जुलैचं पत्र पोचलं, वाचलं, आनंद झाला. इकडे उकाडा फार आहे. नळ अखेर दुरुस्त झाला. शेजारणीच्या सुनेला मुलगी झाली. तू तब्येतीची काळजी घे, जेवणाच्या वेळा सांभाळ. बाकी सविस्तर हात बरा झाला की माझं मीच लिहीन.

तुझी ताई

ता. क. हे मी माझं लिहितो आहे, ती आत गेली आहे. तिचा हात मुरगळलेला नाही. तुमचं जुलैचं पत्र अजून बंद पाकिटातच आहे, ती मला फोडू देत नाही. सवड काढून एकदा याल का? — भावजी

६ ऑक्टोबर

ताई,

मी न कळवता आले आणि न सांगता निघून गेले. चहा तसाच टेबलावर राहिला. का गेले ते आता सांगते, आणि भावजी, तुम्ही हे सगळं मोठ्याने वाचा, एक ओळ गाळू नका.

जुलैच्या त्या पत्रात मी ताईला विचारलं होतं की माझ्या उजव्या डोळ्यापुढे मधोमध एक मळकट डाग येतो, तुला लेझरनंतर असं झालं होतं का. उत्तरात मला उकाडा आणि नळ मिळाला. मला वाटलं, ताईला हे महत्त्वाचं वाटलं नाही, म्हणजे ते नसेलच महत्त्वाचं. इतका माझा तुझ्यावर भरवसा होता.

मग करड्या कोटाची बाही आली. मी दोन दिवस बसून भरली. मालकांनी तो कोट दुकानाच्या दारात नेऊन धरला आणि मला हाक मारली. माझ्या खुर्चीतून, एवढ्या लांबून, मलाही डाव्या डोळ्याने दिसलं. उभे धागे धरले होते, आडवे भलतीकडेच गेले होते. भोक बरं दिसलं असतं. इतकी वर्षं माझ्या हातचं काम कुणाला सापडायचं नाही, आणि ते असं लोंबत होतं.

लेकीने हॉस्पिटलात नेलं. बाईंनी विचारलं, इतके महिने कुठे होतात? मी म्हटलं, लेझर झालं होतं ना. त्या म्हणाल्या, लेझर झालं म्हणजे इंजेक्शनं संपली असं कुणी सांगितलं? मी म्हटलं, माझ्या ताईने, तिचंही हेच झालं होतं. लेक माझ्याकडे बघतच राहिली. बाईंनी रागावून नाही, समजावून सांगितलं. लेझरने त्या पाझरणाऱ्या जागा आवरतात, पण मधली सूज उतरायला आणि उतरलेली तशीच राहायला इंजेक्शनं लागतात. माझी सूज पुन्हा चढली आणि इतके महिने तशीच बसून राहिली. आता उपचार चालू केलेत. त्या म्हणाल्या, काही परत येईल, सगळं येणार नाही.

हे ऐकून मला काय वाटलं असेल, सांग. मला वाटलं, ताईच्या डॉक्टरांनी ताईला फसवलं. तिलाही धोका आहे आणि बिचारीला पत्ताच नाही. मी तुला सावध करायला धावत आले गं. बसमध्ये एका डोळ्याने पाट्या वाचत आले.

तू दार उघडलंस आणि हातभर अंतरावरून मला विचारलंस, ‘कोण हवंय?’

मी बोलल्यावर ओळखलंस आणि लगेच हसून म्हणालीस, उन्हात तोंड नीट दिसलं नाही. दारात सावली होती. मग चहा ओतलास, तो निम्मा बशीत आणि निम्मा टेबलावर. तू पुसायला फडकं शोधायला गेलीस तेव्हा मी मागच्या अंगणात भावजींना विचारलं, ताईचं लेझर कधी झालं होतं? ते म्हणाले, कुठलं लेझर?

दोन इंजेक्शनं. तिसऱ्याला तुझं नाव पुकारलं आणि तू बाकावरून उठून, पाणी पिऊन येते म्हणून, सरळ रिक्षात बसून घरी आलीस. नंतर कधी गेलीच नाहीस. हिरवा प्रकाश, टिकटिक, सगळं शेजारी बसलेल्या बाईचं ऐकलेलं. भावजींना वाटत होतं, मला हे ठाऊक आहे.

तू भ्यायलीस याचा मला राग नाही. मीही भ्याले होते. पण मला तू सांगितलं असतंस, तर मी तुझ्याबरोबर भ्याले असते, आणि दोघी मिळून गेलो असतो. तू तुझी भीती मला शहाणपण म्हणून दिलीस. तेही स्वतःच्या तोंडाने नाही, आईच्या तोंडाने. दुसरं कुणी सांगितलं असतं तर मी चार जणांना विचारलं असतं. तुला ठाऊक होतं की आईचं नाव घेतलं की मी विचारणार नाही. केसाने गळा कापलास, ताई.

सुईत दोरा ओवल्याचंही खोटंच ना? त्यावर मी दुकानात सगळ्यांना सांगत होते, माझ्या ताईची नजर बघा म्हणून.

बारकी

१५ ऑक्टोबर

बारके,

हेच लिहितायत, त्यामुळे आता झाकायला काही उरलेलं नाही.

तू रागावलीस ते ऐकलं. दोनदा वाचून घेतलं. पण तू हॉस्पिटलात जाऊ नकोस असं मी कधी लिहिलं नव्हतं. मी फक्त माझं सांगितलं. तू मोठी बाई आहेस, लेकीची आई आहेस, तुला स्वतःचं डोकं नाही का?

(हे वाक्य मी लिहू नको म्हणत होतो. लिहायला लावलं. — भावजी)

तू लिहिलंस, तू म्हणशील तसं करीन. बारके, हे वाक्य तू मला चार वर्षांची असल्यापासून ऐकवते आहेस. ते ऐकलं की मला मागे फिरता येत नाही. सगळ्यांत थोरली, सगळ्यांत शूर, पुढे जाऊन बघून येणारी. त्या बाकावर माझं नाव पुकारलं तेव्हा मला फक्त बाहेरचं दार दिसलं. हे तुला लिहिलं असतं तर तू गेलीच नसतीस. म्हणून मुंगी लिहिली. त्या मुंगीने तुझा डोळा सुधारला, ते तू विसरलीस. लेझरचं लिहिलं ते चुकलं. तू विचारत होतीस नंतर किती इंजेक्शनं घेतलीस, आणि माझ्याकडे आकडाच नव्हता. मला वाटलं, तुझे डॉक्टर तुला सोडणार नाहीत, ओढून नेतील. खोटं पचेल असं वाटलं.

मला आता यांचं तोंड दिसत नाही. कडेने दिसतं, कान दिसतात, केस दिसतात, मधलं तोंड नाही. हे कुणाला सांगितलं नव्हतं. आत्ता लिहिता लिहिता यांनाही कळलं आणि हे थांबले आहेत.

हे म्हणतात पुन्हा नंबर लावू. मी जाईन. पण तू ये. तू बाहेर बाकावर बस, बाकी काही नको.

ताई

३ डिसेंबर

ताई,

मी येणार नाही. भावजींनी कळवलं की तू दोनदा नंबर लावून दोनदा रद्द केलास, मी आले नाही म्हणून. तुझ्या डोळ्यांचं ओझं माझ्या खांद्यावर टाकू नकोस. माझ्या डोळ्याचं मी तुझ्यावर टाकलं होतं, त्याचं काय झालं ते आपण दोघी बघतो आहोत.

मुंगीने माझा डोळा सुधारला म्हणतेस. सुधारला होता, खरं आहे. म्हणूनच तर पुढचं सगळं खरं वाटलं.

माझी इंजेक्शनं चालू आहेत. चौकट पुष्कळशी सरळ दिसते, पण मधोमध धुकं राहिलंय. बाई म्हणतात, ते बहुधा राहील. खिडकीजवळच्या खुर्चीत आता माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी बसते. गुणी आहे. कुठला धागा घेऊ म्हणून अजून मलाच विचारते, आणि मला रंग बघायला तिची रिळं घेऊन बाहेर उजेडात जावं लागतं. मी आतल्या बाजूला बसून बटणं आणि चेन लावते. मालक चांगले म्हणून ठेवलंय. त्यांच्या चांगुलपणाचा मला रोज राग येतो, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

आता तुला इंजेक्शनचं सांगते. तू दोनदा घेतलंस, पण तेव्हा तू भीतीने काही नीट पाहिलं नसणार. थेंबांनी डोळा बधिर होतो, पूर्ण नाही. मग तपकिरी औषध घालून धुतात, ते झोंबतं. चिमटा बोचत नाही, पण डोळा मिटता येत नाही त्याने जीव घाबरतो. सुई दिसत नाही, एक दाब कळतो, कधी जरा कळ येते. श्वास सोडेपर्यंत संपतं. संध्याकाळपर्यंत डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तर घाबरू नकोस. पण दुखणं वाढलं किंवा दिसायचं आणखी कमी झालं तर त्याच दिवशी परत जायचं, थांबायचं नाही. आणि हे एकदा घेऊन भागत नाही. किती वेळा, ते डॉक्टरांना विचार, मला विचारू नकोस. तुझं किती परत येईल तेही मला माहीत नाही. कदाचित थोडंच येईल. न गेलीस तर जे कडेने दिसतंय तेही जाऊ शकतं, असं बाई म्हणाल्या.

यातलं एक अक्षर मी गोड केलेलं नाही. मला कुणी हे असंच सांगायला हवं होतं.

भावजी, हे तुम्ही तिला वाचून दाखवाल. संपलं की ती विचारेल, माफ केलं असं काही लिहिलंय का. तिच्याकडे बघून तुम्हाला हो म्हणावंसं वाटेल. म्हणू नका. नाही लिहिलं, असंच सांगा, आणि तिला घेऊन निघा.

बारकी